उन्हाळी परसबाग: पेरणी फेब्रुवारीची, हिशेब मेच्या पाण्याचा

संक्रांत उलटली की भाजीच्या बियांच्या पुड्या दुकानात पुढच्या फळीवर येतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: कधी पेरायचं? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी एक तारीख सांगणारा माणूस एक तर बी विकतोय, नाही तर त्याने महाबळेश्वर आणि जत एका दिवसात पाहिलेलं नाही. एकीकडे वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दुसरीकडे ५०० मिलिमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. फेब्रुवारीतल्या पहाटे वेण्णा तलावाकाठी हात बगलेत धरून उभं राहावं लागतं, त्याच दिवशी दुपारी जतच्या माळावर सावली शोधावी लागते. त्यामुळे कॅलेंडर बाजूला ठेवून दोन गोष्टी बघायच्या: मातीची ऊब आणि मे महिन्यात हाताशी असणारं पाणी. त्यातही दुसरी आधी.

आधी पाणी मोजा

हिशेब सोपा आहे. १ गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर १ मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे १०१ लिटर. एप्रिल-मेमध्ये भरात आलेलं पीक दिवसाला ५ ते ६ मिलिमीटर पाणी सहज पितं. म्हणजे गुंठ्याला रोज ५०० ते ६०० लिटर. तेच १० बाय १० फुटांच्या वाफ्याला रोज ५० लिटर, म्हणजे चार घागरी. फेब्रुवारीत रोप बोटभर असतं तेव्हा यातलं काहीच जाणवत नाही. घागरभर पाण्यात वाफा टवटवीत दिसतो आणि माणूस हुरळून आणखी दोन वाफे काढतो. मग एप्रिलच्या मध्यावर बोअर उचक्या देऊ लागली की कोणता वाफा मरू द्यायचा, हे ठरवत बसावं लागतं.

म्हणून मेमध्ये रोज जेवढं पाणी खात्रीने देता येईल तेवढेच वाफे आज काढा. शंभर लिटर असेल तर दोन वाफे, बस. टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर रान असेल तर दोन पाळ्यांतलं अंतर लांबतं हे धरूनच चाला. गवार आणि चवळी तो ताण काढतात, मेथी-कोथिंबीर काढत नाहीत. पालेभाजी लावायची तर विहिरीजवळ किंवा घराच्या टाकीजवळ.

सांडपाण्याबद्दल थोडं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी कुठेही चालतं. अंघोळीचं साबणाचं पाणी आळू, केळ, पपई यांना द्यावं, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्याला नको. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र वाफ्यात सोडू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि कृष्णाकाठच्या जमिनीला क्षारांची आधीच कमी नाही.

जागा आणि माती

पालेभाजीला सकाळचं ऊन आणि दुपारनंतरची सावली हवी, म्हणजे घराच्या किंवा गोठ्याच्या पूर्वेची पट्टी. भेंडी, गवार, वांगी, मिरची आणि वेल यांना दिवसभर ऊन चालतं, पण मार्चनंतरचा गरम वारा सोसत नाही. त्यासाठी पश्चिम आणि दक्षिण बाजूला मक्याच्या दोन ओळी टोकून ठेवा. भाजीच्या आधी पंधरा दिवस टोकला तर मका वेळेवर आडोसा देतो, पांढरी माशी काही प्रमाणात अडवतो आणि वर कणसंही देतो. शेजारी उसाचा फड असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, कारण नेमका मार्चच्या आत तो तुटून जातो आणि वारं मोकळं होतं.

वाळवा-पलूस-मिरजेकडची काळी जमीन आणि आटपाडी-माणकडची मुरमाड जमीन यांची मशागत एकसारखी करून चालत नाही. काळी माती ओली असताना खणली तर विटेसारखी ढेकळं पडतात आणि ती पावसाळ्यापर्यंत फुटत नाहीत. मूठभर माती घेऊन दाबा. लाडू बोटाला न चिकटता झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, की वापसा आला. तेव्हाच टिकाव घाला. मुरमाड रानात ही काळजी नाही, पण तिथे पाणी धरून ठेवायला शेणखत दीडपट टाका.

शेणखत गुंठ्याला साधारण २०० किलो, म्हणजे १० बाय १० च्या वाफ्याला दोन घमेली. ते कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास आला पाहिजे. उकिरड्यातून खत काढताना पांढरट, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड अळ्या दिसल्या तर ती हुमणी. ऊसपट्ट्यात तिचं नाव सांगावं लागत नाही. खत फरशीवर पातळ पसरून कोंबड्या सोडल्या तर तासाभरात काम होतं. कोंबड्या नसतील तर वेचून मारा, पण तसंच वाफ्यात ओतू नका. ती भेंडीचं मूळ खाते आणि झाड का वाळलं हे उपटेपर्यंत कळत नाही.

नदीकाठी काही रानांत वर पांढरा थर येतो, पाणी दिलं की मातीचा चिखल होतो आणि सुकली की दगड. अशा जागी घेवडा आणि मिरचीचा हट्ट नको. पालक तिथे तग धरतो. माती तपासून घ्यायची असेल तर सातारा जिल्ह्यात बोरगावचं आणि सांगली जिल्ह्यात कांचनपूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे.

गादी वाफा नको

परदेशातल्या बागांचे व्हिडिओ बघून हल्ली लोक लाकडी चौकटी करून उंच वाफे, म्हणजे गादी वाफे बनवतात. तिकडे जमीन ओली आणि थंड असते, वाफा उंच केला की लवकर तापतो आणि निचरा होतो. आपल्याकडे फेब्रुवारी ते मेमध्ये नेमकं उलटं हवं असतं. उंच वाफा चारी बाजूंनी सुकतो. पावसाळ्यात तो उत्तम, आणि मिरची-वांग्याचं रोप तयार करायलाही गादी वाफाच घ्यावा. बाकी उन्हाळ्यात पालेभाजीला जमिनीच्या पातळीपेक्षा दोन बोटं खोल, कडेला बांध घातलेला सपाट वाफा, भेंडी-गवारीला सरी-वरंबा, आणि वेलांना आळं. सरी-वरंब्यात बी माथ्यावर टोकायचं नाही, वरंब्याच्या बगलेला, पाणी जिथवर चढतं त्या रेषेच्या किंचित वर.

सगळ्यात जास्त बी वाया जातं ते पाणी देण्याच्या क्रमात. कोरड्या वाफ्यात बी पेरून वरून धो-धो पाणी दिलं की काळ्या मातीवर दुसऱ्या दिवशी पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वळून सडतात. त्याऐवजी वाफा आधी पोटभर भिजवा. दोन-तीन दिवसांनी वापसा आला की खुरप्याने वरची माती हलकी करा, ओलीवर बी पेरा आणि बारीक माती-शेणखताने झाका. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे पेरणीनंतरचं हलकं पाणी, तेही झारीने किंवा पाटाचं तोंड अर्धं बांधून. पालेभाजीच्या बारीक बियांवर मधल्या काळात ओलं गोणपाट टाकून ठेवायचं आणि पहिला हिरवा कोंब दिसला त्याच संध्याकाळी उचलायचं. एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

कुठे काय, केव्हा

वेलवर्गीय भाज्या, भेंडी आणि गवार यांना उगवायला मातीत साधारण २० अंशांची ऊब लागते. थर्मामीटर नसेल तर सकाळी आठच्या सुमाराला बोट दोन पेरं मातीत घाला. गार लागलं तर आठवडाभर थांबा. थंड मातीत भेंडीचं बी पंधरा दिवस पडून राहतं आणि त्यातलं निम्मं किडींचं होतं.

जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव या पूर्वेच्या पट्ट्यात जानेवारी संपता संपता सुरुवात करता येते. कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम. जावळी, पाटण, वाईचा डोंगराकडचा भाग, महाबळेश्वर-पाचगणी इथे महाशिवरात्रीच्या आधी वेलांची घाई करू नये. ज्यांना घाईच आहे त्यांनी चहाच्या कागदी कपात माती-शेणखत भरून, तळाला भोक पाडून, काकडी-दोडक्याचं बी घरात उबेला लावावं. दोन पानांवर आलं की कपासकट आळ्यात बसवायचं. वेलाची मुळं दुखावलेली त्याला आवडत नाहीत, म्हणून वाफ्यातून उपटून लावण्याची पद्धत इथे चालत नाही.

उशिराची मर्यादा मात्र सगळीकडे सारखी आहे, आणि तिला कारण आहे. काकडी, दोडका, दुधी, कारलं यांच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. ऊन तापत गेलं आणि दिवस मोठा झाला की नर फुलांचं प्रमाण वाढतं. मार्चच्या शेवटी लावलेला वेल मांडवभर पसरतो, फुलांनी पिवळा होतो आणि फळ धरत नाही. लोक मग खत वाढवतात, त्याने पानं आणखी वाढतात. भेंडीचंही तसंच. उशिराची भेंडी पांढऱ्या माशीच्या तावडीत सापडते आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा हळद्या येतो. त्याला औषध नाही, झाड उपटून टाकणं एवढंच. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या भेंडीच्या जाती या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, म्हणून परसात त्याच घ्याव्यात. गवारीत पुसा नवबहार, काकडीत फिकट रंगाची हिमांगी, दोडक्यात फुले सुचेता, कारल्यात हिरकणी किंवा फुले ग्रीन गोल्ड. फुले नावाच्या जाती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या, आपल्या हवेत पारखलेल्या आहेत. संकरित बी महाग पडतं आणि त्याचं पुढच्या वर्षीसाठी बी धरता येत नाही. चार माणसांच्या घराला त्याची गरज मला तरी दिसत नाही.

मिरची, वांगी आणि टोमॅटो यांची रोपं जानेवारीतच टाकायला हवीत. मिरचीचं रोप तयार व्हायला ४० ते ४५ दिवस लागतात, टोमॅटोचं २५ ते ३०. ते जमलं नसेल तर फेब्रुवारीत रोपवाटिकेतून दहा-वीस रोपं आणा आणि संध्याकाळी लावा. कृष्णाकाठच्या वांग्याची रोपं गावात कुणाकडे मिळाली तर शहरातलं पाकीट घेऊच नका. टोमॅटोबद्दल खरं सांगायचं तर उन्हाळी टोमॅटो घरी करण्यात फार हशील नाही. पारा चाळिशीकडे गेला की फूल गळतं.

बी तयार करणं

जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ उगवले तर ठीक, पाच उगवले तर दुप्पट पेरा, त्याखाली असेल तर नवीन आणा. घरचं बी असेल तर किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा, म्हणजे उपयोगी बुरशीची पावडर, चोळायचा. परसबागेच्या मुठभर बियांना चिमूट पुरते. गुलाबी-निळा रंग दिलेल्या विकतच्या बियांना आधीच औषध लावलेलं असतं. ते पोरांच्या हाती लागू देऊ नका आणि उरलं तरी स्वयंपाकात नको.

भेंडी रात्रभर भिजवा. कारलं आणि पडवळ यांचं कवच टणक. बियांचं टोक नेलकटरने हलकं टवकवा, चोवीस तास पाण्यात ठेवा, मग ओल्या गोणपाटात बांधून चुलीजवळ किंवा फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवा. मोड दिसला की लावा. न भिजवता टोकलेलं कारलं पंधरवडाभर वाट बघायला लावतं.

धने ही खरी गंमत. एका धन्यात दोन बिया असतात. अख्खा धना पेरला तर दोन्ही कोंब एकमेकांना रेटतात आणि उगवणही कमी. फरशीवर पसरून वरून चप्पल किंवा विटेचा सपाट भाग हलकेच फिरवा. कट्-कट् आवाज येत दाणा उभा दुभंगला पाहिजे, पीठ व्हायला नको. फोडलेला धना बारा तास भिजवून, सुती कापडावर तासभर सुकवून पेरा. वाण्याकडचा धना चालतो, पण नवा बघून घ्या. कोंब दिसायला आठ ते बारा दिवस लागतात, मेथीसारखी तिसऱ्या दिवशी उगवत नाही, त्यामुळे सहाव्या दिवशी निराश होऊन वाफा उकरू नका.

प्रत्यक्ष पेरणी

पालेभाजी फेकून पेरण्याऐवजी चार बोटांच्या अंतराने रेघा ओढून पेरली तर खुरपता येते आणि बी कमी लागतं. १० बाय १० च्या वाफ्याला मेथी ३० ते ४० ग्रॅम, धने ४० ते ५० ग्रॅम, पालक २० ग्रॅम. राजगिरा, माठ, तांदुळजा यांचं बी मोहरीहून बारीक. चिमूटभर बी मूठभर बारीक वाळू आणि राखेत मिसळून भुरभुरवा. राखेमुळे मुंग्याही बी पळवत नाहीत. सगळा वाफा एका दिवशी पेरू नका. तिसरा हिस्सा आज, तिसरा दहा-बारा दिवसांनी, उरलेला त्यानंतर. नाही तर एक आठवडा मेथीच मेथी आणि नंतर महिनाभर काही नाही.

मार्चच्या मध्यानंतर मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक यांचा वाफा पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली किंवा चार काठ्यांवर जुनी साडी बांधून घ्या. तरीही कोथिंबीर लवकर तुरा काढते. पालकही दिवस लांबल्यावर दांडा धरतो. एप्रिल-मेमध्ये माठ, तांदुळजा, पोकळा आणि अंबाडीकडे वळणं शहाणपणाचं. उन्हात या भाज्या उलट जोर करतात, आणि आजीच्या पिढीला हे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

भेंडी दीड फूट ओळीत आणि अर्धा फूट झाडांत, प्रत्येक जागी दोन दाणे, बोटाच्या एका पेराएवढं खोल. चौघांच्या घराला चाळीसेक झाडं पुरून उरतात. गवारही तशीच. चवळी बांधाच्या कडेने टोका, पाण्याचा ताण काढते.

वेलांचं आळं दीड फूट रुंद आणि तेवढंच खोल. वरची सुपीक माती आणि घमेलंभर शेणखत एकत्र करून भरायचं, तीन-चार बिया टोकायच्या आणि जोमदार दोन वेल ठेवून बाकी कापायचे. उपटायचे नाहीत, शेजारचं मूळ हलतं. आळ्याच्या मधोमध दहा लिटरचं कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि झाकण ठेवून तीन-चार दिवसांनी भरलं, तर दुपारच्या उन्हातही पानं माना टाकत नाहीत. सुट्टीत गावाला जाणाऱ्यांसाठी याहून स्वस्त ठिबक नाही. मडकं आतून-बाहेरून न रंगवलेलं हवं, रंगवलेलं पाझरत नाही.

स्वादाच्या वनस्पतींना फार जागा लागत नाही. पुदिना बाजारच्या जुडीतल्या मुळं असलेल्या काड्यांपासून लावा, पण फुटक्या बादलीत. वाफ्यात सोडला तर वर्षभरात शेजारच्याचा बांध ओलांडतो. गवती चहाचा जुना बेट फोडून दोन-तीन फुटवे एकत्र, पानं वीतभर ठेवून छाटून लावायचे. पानओव्याचा तुकडा कुंडीत खोचला की लागतो. तुळस आणि सब्जा यांचं बी मातीवर नुसतं दाबायचं, झाकायचं नाही. कांदापातीसाठी घरातले मोड आलेले चिंगळी कांदे टोका, पंधरा-वीस दिवसांत पात कापायला येते. आळूचे गड्डे मोरीच्या पाण्याला. हळद आणि आलं मात्र आता नको, ती अक्षय्य तृतीयेपासूनची कामं.

उगवल्यानंतर

या भागात आच्छादनाला पैसे मोजणं हा शुद्ध वेडेपणा आहे. साखर कारखान्यांचा हंगाम याच काळात असतो आणि रानोरान पाचट पडलेलं असतं. जाळण्याआधी मालकाला विचारून दोन भारे आणा. हळद काढणीला आली असेल तर तिचा वाळलेला पालाही चालतो. रोप वीतभर झालं की बुंध्यापासून चार बोटं सोडून तीन-चार बोटं जाड थर पसरा. पाण्याची पाळी दोन दिवसांची असेल तर ती तीनवर जाते. आधी पसरू नका, खाली गोगलगाई आणि वाळवी यांचं फावतं.

वेल दोन-चार पानांवर असताना लाल भुंगेरे येतात आणि पानांची चाळणी करतात. सकाळी दव असताना राख धुरळा आणि भुंगेरे सुस्त असतात तेव्हाच हाताने वेचा. मावा-तुडतुड्यांसाठी निंबोळी अर्क: लिटरला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून, संध्याकाळी फवारा. फळमाशीला मात्र हा उपाय पुरत नाही. कोवळ्या दोडक्याला टाचणीएवढं भोक पडून डिंक येतो आणि फळ वाकडं होऊन सडतं, ती हिची खूण. नर माशांना वासाने ओढणारा क्यू ल्यूरचा सापळा फुलं येण्याआधीच मांडवाला टांगा. किडकी फळं उकिरड्यावर टाकू नका, खोल पुरा.

दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी-कारल्याची सकाळी. दुधीची फळं सुपारीएवढी होऊन पिवळी पडून गळत असतील तर बहुधा परागीकरण झालेलं नसतं. दिवेलागणीला नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्यातला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर दोनदा फिरवा. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे इवलासा दुधी असतो.

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारा येतातच. मांडवाच्या काठ्या दोन फूट गाडलेल्या हव्यात आणि वाऱ्याच्या बाजूने ताण दिलेला हवा. गारांनी पानं फाटली तरी वेल लगेच उपटू नका. फाटकी पानं छाटून, दोन दिवस पाणी तोडून, मग हलकं पाणी दिलं तर बहुतेक वेल बगलेतून पुन्हा फुटतात. भेंडीचा शेंडा मोडला तर तेही झाड फांद्या काढतं. पालेभाजी गारांनी आडवी झाली तर मात्र ती गेली. वाफा उकरून त्याच दिवशी राजगिरा भुरभुरवा, महिन्याच्या आत भाजी हाताशी येते.

मेथी २५ ते ३० दिवसांत, भेंडी ४५ ते ५० दिवसांत, काकडीही त्याच सुमाराला सुरू होते. भेंडी दर दिवसाआड तोडावी लागते. दोन खेपा चुकल्या की ती जून होते आणि झाड नवीन फूल काढायचं थांबवतं. प्रत्येक भाजीची निरोगी दोन झाडं एप्रिलमध्येच दोरा बांधून बियांसाठी राखून ठेवा, त्यांचं फळ तोडायचं नाही. मृग लागायच्या आत बी पिकतं, वाळतं आणि राखेत घालून बरणीत भरता येतं.